आखडलेला खांदा कुणाच्या हाती द्यायचा?

स्त्री-आरोग्य हा विषय आपल्या चळवळीला नवा नाही. इंजेक्शनमधून दिल्या जाणाऱ्या गर्भनिरोधकांच्या विरोधात १९८० च्या दशकात बायका रस्त्यावर उतरल्या, कोर्टात गेल्या. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा देशातला पहिला कायदा १९८८ साली महाराष्ट्रात झाला, तोही चळवळीच्या रेट्यामुळे. शिबिरांमधून आपण पाळीबद्दल, बाळंतपणाबद्दल, अंगावरून पांढरं जाण्याबद्दल मोकळेपणाने बोलायला शिकलो. हे सगळं मोलाचं आहे. तरीही एक गोष्ट मला खटकत राहते. बाईचं आरोग्य म्हटलं की आपणही गर्भाशयाभोवतीच घुटमळतो. पाळी जाते, आणि तिच्यासोबत बाईच्या शरीराबद्दलचं आपलं बोलणंही संपतं. त्यानंतरची वीस-तीस वर्षं ती ज्या गुडघ्यांनी, कमरेने आणि खांद्यांनी रेटते, त्यांच्याबद्दल एखादं तरी शिबिर झालेलं मला आठवत नाही.

म्हणून आज खांद्याबद्दल लिहिते आहे. आखडलेल्या, धरलेल्या, गोठलेल्या खांद्याबद्दल. डॉक्टर त्याला फ्रोजन शोल्डर म्हणतात, वैद्य अवबाहुक म्हणतात. जपानी भाषेत तर त्याला चक्क ‘पन्नाशीचा खांदा’ असंच नाव आहे.

त्रेपन्नाव्या वर्षी माझा डावा खांदा आखडला. कुठे पडले नाही, काही लागलं नाही. आधी रात्री ठणका सुरू झाला, त्या कुशीवर झोपता येईना. मग हळूहळू हात वर जाईना, मागे तर मुळीच जाईना. ब्रेसियरचा हूक लावता येईना, अंबाडा घालता येईना, पदर पाठीमागून पुढे घेता येईना. फळीवरचा डबा काढायला शेजारच्या मुलीला हाक मारायची वेळ आली. एसटीत उभ्याने प्रवास करताना वरचा दांडा धरता येत नाही म्हणून मी दोन बैठका चुकवल्या. डावा हात असल्यामुळे संडासात धुणंसुद्धा कठीण झालं. ही शेवटची गोष्ट कुठली बाई डॉक्टरांना सांगते? मी ज्या डॉक्टरांकडे गेले त्यांनी खांद्याला हातही न लावता सांगितलं, “पाळी गेली ना? मग या वयात असं व्हायचंच.” वेदनाशामक गोळ्यांची चिठ्ठी हातात पडली. सगळं मिळून तीन मिनिटं.

आमच्या गटात हा विषय काढला तेव्हा बारा जणींपैकी चौघींनी आपापला खांदा दाखवला. एकीचा सुटला होता, तिघींचा धरलेला होता. त्यातली एक घरकाम करणारी. तिने चार घरांपैकी दोन घरं सोडली होती, कारण पंखे आणि खिडक्या पुसणं जमेना. दुसरी शिक्षिका, फळ्यावर वरच्या ओळीत लिहिता येत नाही म्हणून खालच्या अर्ध्या फळ्यावरच भागवणारी. तिसरी गृहिणी, तिने कुणाला सांगितलंच नव्हतं. आणि या चौघींपैकी दोघी कायरोप्रॅक्टरकडे जाऊन आल्या होत्या. हा शब्द काही वर्षांपूर्वी आपल्यापैकी कुणाच्या तोंडी नव्हता. आता मोबाइलवर मान आणि पाठ ‘कट्ट’ करून मोडल्याची चित्रफीत दिसते, पाहणाऱ्या बाईला वाटतं, आपलीही गाठ अशीच एका झटक्यात सुटेल.

त्या दोघींना हसणाऱ्यांत मी नाही. त्या तिथे का गेल्या हे समजून घेण्यासारखं आहे. तिथे पाऊण तास वेळ दिला गेला. कधी दुखतं, झोप लागते का, घरी कोण कोण आहे, असं विचारलं गेलं. दुखऱ्या जागेवर कुणीतरी हात ठेवला. घरात सगळ्यांची पाठ चोळून देणाऱ्या बाईच्या पाठीवर हात ठेवायला कुणी नसतं, तिला या हाताचं केवढं अप्रूप वाटत असेल! दवाखान्याने जे तीन मिनिटांत नाकारलं, ते तिने पैसे मोजून विकत घेतलं. दोष द्यायचा तर आधी त्या तीन मिनिटांना द्यायला हवा.

पण सहानुभूती वेगळी आणि उपचाराची परीक्षा वेगळी. ती परीक्षा आपण बायकांनीच केली पाहिजे, म्हणून आधी हा आजार काय आहे ते पाहू.

खांद्याचा सांधा म्हणजे उथळ वाटीत बसलेला गोळा. त्याच्याभोवती पातळ पिशवीसारखं आवरण असतं. या आजारात त्या आवरणाला सूज येते, मग ते जाड होतं आणि आकसतं. सैल ब्लाउज धुतल्यावर आटावा आणि हात वर करताना काखेत ओढ बसावी, तसं. फ्रेंच शल्यवैद्य द्युप्ले यांनी या दुखण्याचं वर्णन १८७२ साली केलं. अमेरिकेतल्या कॉडमन यांनी १९३४ साली त्याला फ्रोजन शोल्डर हे नाव दिलं. आवरणच आकसलेलं असतं हे १९४५ साली नेव्हायझर यांनी दाखवलं. म्हणजे हाड जागेवरून सरकलेलं नसतं, शीर शिरेवर चढलेली नसते. ही गोष्ट पक्की ध्यानात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

ढोबळमानाने शंभरांत दोन ते पाच जणांना हे दुखणं होतं. बहुतेक चाळीस ते साठ या वयात, आणि पुरुषांपेक्षा बायकांना जास्त. मधुमेह असेल तर हे प्रमाण कितीतरी पटींनी वाढतं. थायरॉइडचा आजार, स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया, प्लास्टरमध्ये किंवा झोळीत बांधून ठेवलेला हात, यांनंतरही खांदा आखडतो. आजाराचे तीन टप्पे असतात. पहिल्यात दुखणं फार, दुसऱ्यात दुखणं कमी पण ताठरपणा फार, तिसऱ्यात हळूहळू सुटणं. सगळं मिळून एक ते तीन वर्षं लागतात. बहुतेकींचा खांदा बऱ्यापैकी सुटतो, काहींना थोडा ताठरपणा कायमचा राहतो.

आता कायरोप्रॅक्टिक. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात डेव्हनपोर्ट या गावी १८९५ साली डी. डी. पामर या गृहस्थाने ही पद्धत सुरू केली. दोन वर्षांत त्याने शाळाही काढली. मणक्यांची जागा किंचित ढळली की मज्जातंतूंवर परिणाम होऊन आजार होतात, आणि मणके हाताने बसवले की आजार जातात, अशी त्याची मूळ कल्पना. सगळ्या आजारांचं मूळ मणक्यात असतं याला आधुनिक शास्त्रात आधार मिळालेला नाही, आणि आजच्या कायरोप्रॅक्टरांपैकीही अनेक जण तसा दावा करत नाहीत. कंबरदुखीसारख्या दुखण्यात हाताच्या उपचाराने काहींना आराम पडतो, हेही खरं आहे. प्रश्न खांद्याचा आहे.

आखडलेल्या खांद्यासाठी कायरोप्रॅक्टिकचा पुरावा किती? २०१२ साली पन्नास रुग्णांची एक पाहणी प्रसिद्ध झाली, तीत पुष्कळांना बरं वाटल्याचं म्हटलं आहे. पण तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. ज्या आजाराचा कल आपणहून सुटण्याकडे असतो, त्यात तुलना नसलेल्या पाहणीवरून काय ठरवणार? शेवटी ज्याच्याकडे गेलो त्याला श्रेय मिळतं. आमच्या गटात जिचा खांदा सुटला ती अठरा महिन्यांनी सुटली. शेवटचे दोन महिने ती कायरोप्रॅक्टरकडे जात होती. त्याआधी तेल झालं होतं, लेप झाले होते, आणि एक गंडाही. गंड्यानंतर लगेच सुटली असती तर आपण काय म्हणालो असतो?

हाताने सांधा सैल करण्याचे उपचार आणि व्यायाम यांवर जगभर झालेल्या ३२ अभ्यासांचा आढावा कॉक्रेन या संस्थेने २०१४ साली घेतला. त्यातून दिसलं ते असं, की सुरुवातीच्या काही आठवड्यांत स्टेरॉइडच्या इंजेक्शनइतका आराम नुसत्या हाताच्या उपचाराने मिळत नाही. नेदरलँड्समधला २००४ सालचा एक अभ्यास मला फार बोलका वाटतो. ७७ रुग्णांपैकी काहींना जोर लावून, वेदना सहन करायला लावून व्यायाम दिले. बाकीच्यांना दुखण्याच्या मर्यादेत राहून हळुवार हालचाली करायला सांगितलं. दोन वर्षांनी हळुवार गटातल्या ८९ टक्क्यांचा खांदा जवळजवळ पूर्ववत झाला होता, जोर लावलेल्या गटात ६३ टक्क्यांचा. अभ्यास लहान आहे, चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले नव्हते, हे मान्य. पण दिशा स्पष्ट आहे. आकसलेलं आवरण जबरदस्तीने उघडत नाही. बायकांच्या बाबतीत जबरदस्ती हाच उपाय मानणाऱ्या समाजात हे शास्त्रानेही सांगावं, याचं मला बरं वाटलं.

आणि तो ‘कट्ट’ आवाज? सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी तयार होताना तो येतो. बोटं मोडताना येतो तोच. हाड जागेवर बसल्याची ती खूण नाही. खांद्यासाठी जाऊन मान मोडून घेतली जाते, तिथे तर जास्त सावध राहायला हवं. मानेला झटका दिल्यावर मेंदूला रक्त नेणाऱ्या धमनीच्या अस्तराला चीर पडून पक्षाघात झाल्याच्या घटना वैद्यकीय साहित्यात नोंदलेल्या आहेत. त्या क्वचित घडतात, पण घडतात. सलूनमध्ये चंपीनंतर मान मोडून घेणाऱ्या पुरुषांनाही हे सांगा.

मग करायचं काय? कुणाकडेही जाण्याआधी रक्तातली साखर तपासून घ्या, थायरॉइडही. आयसीएमआरच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात दहा कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे. आपल्याला तो आहे हे कित्येक बायकांना ठाऊकच नसतं. आखडलेला खांदा ही त्याची पहिली वर्दी असू शकते. खांदा चोळणाऱ्याने साखरेची चौकशी केली नाही, तर तो खांद्यापलीकडे पाहत नाही असं समजा. एक्स-रे बहुधा ठीकच येतो, पण संधिवात, फ्रॅक्चर किंवा गाठ नाही याची खात्री त्याने होते. ताप, हाताला मुंग्या किंवा दुबळेपणा, पूर्वी झालेला कर्करोग, पडल्यानंतर सुरू झालेलं दुखणं, यांतलं काही असेल तर आधी डॉक्टर. चालताना, जिना चढताना डावा खांदा भरून येत असेल, दम लागत असेल, तर हृदयाची तपासणी. बाईच्या हृदयाचं दुखणं ‘गॅसेस’ म्हणून घालवण्याची आपल्याकडे रीत आहे.

पहिल्या, ठणक्याच्या टप्प्यात इंजेक्शनने काही आठवड्यांचा आराम मिळतो. मधुमेही बाईची साखर त्यानंतर काही दिवस वाढू शकते, तेवढी काळजी घ्यायची. पुढचं काम व्यायामाचं. मला महापालिकेच्या दवाखान्यातल्या फिजिओथेरपिस्टबाईंनी शिकवले ते साधे आहेत. पुढे वाकून हात सैल सोडून झोका द्यायचा. भिंतीवर बोटं चढवत न्यायची आणि पोचलो तिथे खडूची खूण करायची. कोपर अंगाला चिकटवून दोन्ही हातांत काठी धरायची आणि दुखरा हात बाहेर ढकलायचा. पंचा पाठीमागून धरून चांगल्या हाताने दुखरा हात वर ओढायचा. आधी शेक, मग व्यायाम. थोडी ओढ बसली पाहिजे, डोळ्यांत पाणी यायला नको. ऑपरेशनची घाई नको. ब्रिटनमध्ये ५०३ रुग्णांवर झालेल्या आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत भूल देऊन खांदा मोकळा करणं, दुर्बिणीची शस्त्रक्रिया आणि इंजेक्शनसह फिजिओथेरपी यांत वर्षाअखेरीस कुठलाच उपचार बाकीच्यांपेक्षा लक्षणीय सरस ठरला नाही.

“बायका घरकाम करतातच की, वेगळा व्यायाम कशाला?” हे वाक्य मी नवऱ्यांकडून, सासूबाईंकडून आणि दोन डॉक्टरांकडून ऐकलं आहे. पोळ्या लाटा, भांडी घासा, धुणं पिळा, यांत हात छातीसमोर आणि कमरेच्या उंचीवरच फिरतो. आखडलेल्या खांद्यात आधी जाते ती हात बाहेर वळवण्याची हालचाल, मग मागे आणि वर नेण्याची. घरकामात यातलं थोडंच असतं. आणि जेव्हा असतं, म्हणजे माळ्यावरचं काढताना किंवा भरलेली बादली उचलताना, तेव्हा ते झटक्याने आणि ओझ्यासह असतं. घरकामाने खांदा सुटत नाही, नुसता दुखतो. सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचे रोज सरासरी २८९ मिनिटं त्यात गेलेले दिसतात, पुरुषांची ८८ मिनिटं. त्या २८९ मिनिटांतली वीस मिनिटं काठी आणि पंचा घेऊन उभं राहण्यासाठी बाईला मिळणार कुठून? व्यायामाचा कागद तिच्या हातात देणं सोपं आहे. तो कागद घरातल्या सगळ्यांनी वाचला पाहिजे. कणीक मळणं, धुणं वाळत घालणं, वरचे डबे काढणं, ही कामं निदान वर्षभर दुसऱ्या कुणाची तरी झाली पाहिजेत. खरी औषधाची चिठ्ठी ही आहे.

आणि तरीही कुणाला कायरोप्रॅक्टरकडे जायचंच असेल तर जरूर जावं, पण प्रश्न विचारून. शिक्षण कुठे आणि किती वर्षं घेतलं? जागतिक आरोग्य संघटनेने २००५ साली पूर्ण प्रशिक्षणासाठी ४२०० तास, त्यांत देखरेखीखालचा एक हजार तासांचा प्रत्यक्ष अनुभव, असा किमान निकष सुचवला आहे. शनिवार-रविवारच्या वर्गांत ते होत नाही. फिजिओथेरपीचा समावेश केंद्राच्या २०२१ च्या कायद्यात झाला आहे, पण कायरोप्रॅक्टिकसाठी आपल्याकडे अशी वेगळी वैधानिक परिषद नाही. त्यामुळे तक्रार कुठे करायची हाही प्रश्नच. दहा-वीस बैठकींचं पॅकेज आगाऊ घेतात का? मानेला हात लावणार असाल तर का, आणि मी नको म्हटलं तर? सोबत बाई थांबेल का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, चित्रीकरण करता का? वेदनेने ओरडणाऱ्या, उताण्या-पालथ्या केलेल्या बायकांच्या चित्रफिती जाहिरात म्हणून फिरतात. टेबलावर झोपवल्यावर, दुखत असताना विचारलेल्या “शूट केलं तर चालेल ना?” याला दिलेला होकार हा होकार नसतो. हे आपण इतर ठिकाणी ठासून सांगतो, इथेही सांगू या. हेच प्रश्न मालिशवाल्याला, हाडवैद्याला आणि मोठ्या इस्पितळातल्या सर्जनलाही विचारायचे आहेत.

एकेकीने सावध राहून मात्र हा प्रश्न सुटणार नाही. जवळच्या सरकारी दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट असेल तर बाईला पॅकेज विकत घ्यावं लागणार नाही. महात्मा फुले जनआरोग्य योजनेसारख्या योजना मुख्यतः इस्पितळात भरती होऊन घेतलेल्या उपचारांसाठी आहेत. महिनोन्‌महिने बाह्यरुग्ण म्हणून चालणारी फिजिओथेरपी त्यांत बसत नाही. घरकामगारांसाठी महाराष्ट्रात २००८ सालापासून कल्याण मंडळाचा कायदा आहे. खांदा गेल्यामुळे दोन घरं सोडावी लागणाऱ्या बाईला त्यातून काय मिळतं, हे आपण संघटना म्हणून विचारलं पाहिजे. तालुका पातळीवर फिजिओथेरपी, चाळिशीनंतर प्रत्येक बाईची साखर-तपासणी, आणि दुखण्याच्या काळात घरकामगार बाईला भरपगारी हलकं काम, या तीन मागण्या आपल्या पत्रकांत यायला हव्यात.

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत एक साधी गोष्ट करा. सगळ्याजणी भिंतीला पाठ लावून उभ्या राहा आणि दोन्ही हात कानाला टेकतील असे वर न्या. मग पाठीमागे नेऊन ब्लाउजच्या वरच्या काठाला बोटं लागतात का पाहा. ज्यांचे हात पोचणार नाहीत त्यांची नावं लिहून घ्या, साखरेच्या तपासणीला त्यांना एकत्र घेऊन जा, आणि काय आढळलं ते या अंकाकडे कळवा.